पायाळू

रामप्रसाद : चहा नको मामी, खरंच नको. राधिकाला फक्त बॅग भरायला सांगा. उद्या सकाळी आठला पुण्यात बोअरची गाडी उभी राहणार हाय.

कौशल्याबाई : घोटभर तरी घ्या, जावईबापू. पुण्याहून शिरड शहापूरला येणं म्हंजी काय पानटपरीवर येणं हाय का?

राधिका : बॅग भरायची न्हाई. मी येत न्हाई, फोनवर तीनदा सांगितलं.

रामप्रसाद : फोनवर माणूस काय बी बोलतं. नवरा समोर बसलाय, आता बोल.

राधिका : येत न्हाई.

रामप्रसाद : उद्या बोअर पाडायचा त्या सोसायटीत चारशे फ्लॅट हायेत. आठ बोअर कोरडे गेले, नुसता फुफाटा. टँकर दिवसाआड येतो. शिकलेसवरलेले लोक लिफ्टमधी बादल्या घेऊन उभे राहून राहिले. मी म्हणलं, आमच्या घरात पायाळू बाई हाय, तर चेअरमन रडायचाच बाकी व्हता.

कौशल्याबाई : आठ कोरडे गेले तर नववा काहून पाडता?

रामप्रसाद : ते आठ मशिनीवर पाहून पाडले, मामी. पायाळू माणसाची गोष्टच येगळी. जे लेकरू पायाकडून जन्मतं, त्याच्या तळपायाला भुईतलं पाणी कळतं. तुमीच तर म्हणला व्हतात, आमी पोरगी पाहायला आलो तवा.

कौशल्याबाई : म्हणले व्हते.

राधिका : मग सांग ना आई आता. कालपासून घोकून राहिलीस.

कौशल्याबाई : जावईबापू, ही पायाळू न्हाई. डोक्याकडूनच जन्मली, चार लेकरांसारखी. पायाळू व्हता तो हिच्या आधीचा, माझा पहिला. नऊ दिवसांचा व्हऊन गेला. तुमच्या वडलांनी बैठकीत इचारलं, आमचा बोअरचे पॉइंट दाखवायचा धंदा, तुमच्यात कोणी पायाळू हाय का? हिला दोन जागांहून नकार आलेला. तुमी उठायलाच टेकला व्हतात. माझ्या तोंडून निघून गेलं, हीच की! मेलेल्या लेकराचे पाय मी जित्या लेकराला लावले. पाप माझं हाय. पाया पडते तुमच्या, पण हिला ह्यातून सोडा.

रामप्रसाद : अवो, उठा मामी, उठा. सासूनं जावयाच्या पाया पडू नये. मला ठाऊक हाय ते.

राधिका : काय ठाऊक हाय?

रामप्रसाद : तू पायाळू न्हाईस ते. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं. तुमच्या गल्लीतली सुईण, मालनबाई. एका लग्नात भेटली आन् सगळं बोलून गेली.

राधिका : सात वर्षं झाली त्याला! सात वर्षं ठाऊक असून मला चटक्यात अनवाणी चालवलं?

रामप्रसाद : तू तरी कुठं बोललीस? झाकली मूठ सव्वा लाखाची. धंदा बराबर चालला.

राधिका : मी भीत व्हते. कळलं तर हाकलून देतील म्हणून. दर वेळी टाच टेकवली की वाटायचं, आज उघडी पडते.

रामप्रसाद : कशी पडशील? नऊशे फूट खाली गेलं की कुठं ना कुठं ओल लागतेच. लागली तर तुझे पाय, न्हाई लागली तर त्यांचं नशीब. वर्षानं आटलं की पुन्हा आपल्यालाच फोन.

कौशल्याबाई : अगं माय! मला वाटलं, खरं सांगितलं की माझी पोरगी सुटंल.

रामप्रसाद : खऱ्याचं काय करायचं, मामी? लोकांला पाणी पायजे. बाई डोळे मिटून चालली की त्यांच्या जिवाला बरं वाटतं. मशिनीवर त्यांचा इश्वास उडालाय.

राधिका : भिंतीपल्याडची वस्ती आठवती का तुमाला? चैतातला बोअर, त्या दुसऱ्या सोसायटीतला. मी सोसायटीच्या भिंतीला लागूनच पाय टेकवला, म्हणलं इथं. आठशेला पाणी लागलं. पेढे काय वाटले, बायकांनी माझे पाय काय धुतले! नळाला पाणी नव्हतं म्हणून बाटलीच्या पाण्यानं धुतले. पंधरा दिवसांत भिंतीपल्याडचा हापसा सुकला.

रामप्रसाद : उन्हाळ्यात हापसे सुकतातच.

राधिका : अकरा वर्षांत सुकला नव्हता तो. करुणानं सांगितलं. इकडलीच, आखाडा बाळापूरची हाय, त्या सोसायटीत धुणीभांडी करती. माझं बोलणं ऐकून म्हणली, ताई, तुमी आमच्याकडल्या दिसता. लई खूश झाली. मग म्हणली, तुमी पायाळू ना, मग आमच्या वस्तीत एकडाव चालून पाहा, आमचं पाणी कुठं गेलं ते सांगा.

कौशल्याबाई : मग गं?

राधिका : चालले. पायाला घंटा काही कळत न्हाई, तरी चालले. ती रिकामा हंडा घेऊन माझ्या मागं मागं. मी थांबले की ती थांबायची, माझ्या तोंडाकडं पाहायची. काय सांगू तिला, भिंतीच्या अलीकडं गेलं, आन् मीच नेलं? आई, मला माझ्या पायांची लाज वाटती. म्हणून आले मी इकडं.

रामप्रसाद : वाईट मलाबी वाटतं. दगड न्हाई मी. पण आपण न्हाई दाखवला पॉइंट, तर हातावर नारळ धरून पाणी सांगणारा नारळवाला दाखवील. नारळवाले काय कमी हायेत? आपल्या बिल्डिंगीत तरी काय, चाळीस मिनटं पाणी. तेबी बोअरचंच. तू त्यातच आंघोळ करतीस ना?

राधिका : करते. म्हणूनच तिथं राहायचं न्हाई. पोरीला इकडं आणून सोडा, इथल्या शाळेत घालू.

कौशल्याबाई : व्हय, सपी राहील माझ्यापाशी. घरात दूधदुभतं हाय.

राधिका : कुठं ठेवली तिला?

रामप्रसाद : शेजारच्या वहिनीकडं. मजेत हाय. रविवारी माझ्यासंगं साइटवर आली व्हती.

राधिका : साइटवर काहून नेली?

रामप्रसाद : मग कुठं ठेवू? तू तीन आठवडे इथं बसून राहिलीस. पार्टीनं इचारलं, बाई न्हाई आल्या? म्हणलं, तब्येतीची तकलीफ हाय. तिथली एक म्हातारी म्हणली, मग ही पोरगीबी आईसारखीच असंल.

राधिका : आन् तुमी काय म्हणलात?

रामप्रसाद : मी काहीच बोललो न्हाई.

राधिका : म्हंजी व्हय म्हणलात.

रामप्रसाद : अगं, पोरगी आपणहून पळत सुटली! सँडल काढून फेकले. हुबेहूब तुझी नक्कल. डोळे मिटायचे, टाच दाबायची. एका जागी थांबली आन् म्हणली, पप्पा, इथं गुदगुल्या होतात. साडेआठशेला पाणी लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, उचलून घेतलं तिला. तवा पाहायला पायजे व्हतं तिचं तोंड.

राधिका : तिच्या वक्ताला माझं सिझर झालं व्हतं.

रामप्रसाद : तेच म्हणतो. पोटातून काढलेलं लेकरू. आधी पाय आले का डोकं, कोण सांगणार?

कौशल्याबाई : सहा वर्षांची हाय ती, जावईबापू!

रामप्रसाद : मलाबी नकोच वाटतं, मामी. आईच्यान. म्हणून तर हिला न्यायला आलो. पण उद्याची गाडी ठरलीय. कोणाचे तरी पाय लागतील.

(राधिका आत जाते. चहा निवतो. ती बॅग घेऊन बाहेर येते.)

कौशल्याबाई : राधे, नको जाऊ. मी बोलते ना त्यांच्याशी.

राधिका : तू बोललीस आई. नऊ वर्षांमागं बोललीस, आताबी बोललीस. आता राहू दे.

कौशल्याबाई : असं नको गं म्हणू.

राधिका : रडू नको. तुझ्यावर राग न्हाई माझा. व्हता, कालपर्यंत. पण आता पोरगी माझीबी तिथं अडकली. तुमी ऐका, सपना पुन्हा साइटवर येणार न्हाई. गाडीत बसूनसुद्धा न्हाई.

रामप्रसाद : तू असल्यावर ती कशाला येईल?

राधिका : परभणीला बाजारात गाडी थांबवा. तिला बूट घ्यायचे, नाडीचे.

रामप्रसाद : शाळेचे हायेत की तिला.

राधिका : ते पट्ट्याचे हायेत, उभ्या उभ्या काढून फेकती. नाडीला मी गाठ मारणार हाय.

रामप्रसाद : बरं, घेऊ. चल, ऊन वाढून राहिलं.

कौशल्याबाई : अगं, आन् तुझ्या चपला? उंबऱ्यापाशीच राहिल्या.

राधिका : राहू दे आई. मला तिथं काढायच्याच हायेत.