दुसरं करडू

(नळदुर्गजवळचं गाव. शेळ्यांच्या गोठ्यात मायलेकी.)

लक्ष्मम्मा : आगं, जुळं हाय म्हटलं की! तुझा मोबाइल एकच का दावतोय?

शिवानी : थांब अव्वा, परत भरते. शेळी कुठली?

लक्ष्मम्मा : चांदी. सकाळी व्याली. पयली पाट, तिच्यामागनं बोकड.

शिवानी : भरलं. आता रिपोर्ट उघडते. ‘जन्मलेली करडं : एक.’ सापडलं!

लक्ष्मम्मा : काय सापडलं? करडू तर हितं मांडीवर हाय माझ्या.

शिवानी : चूक सापडली गं. प्रोग्राम लिहिणारा पुण्याचा. एकाच शेळीचं त्याच दिवशी दुसरं करडू भरलं की त्याला वाटतं, बाईनं चुकून दोनदा भरलं. मग तो दुसरं गाळून टाकतो.

लक्ष्मम्मा : आपल्याकडची शेळी जुळंच देती की बहुतेक. त्याला कुणी सांगितलं न्हाय व्हय?

शिवानी : म्हणून तर तपासायला मला ठेवलंय. परवा तुमच्या शेळी-कंपनीतल्या सगळ्या बायकांना हे ॲप द्यायचंय. रिपोर्ट चुकला तर बोल मला लागणार.

लक्ष्मम्मा : आन त्यातलं एक मेलं तर?

शिवानी : तर ‘हयात’च्या रकान्यात एक दिसेल.

लक्ष्मम्मा : आन ‘जन्मली’मधी?

शिवानी : दोनच. जन्मलं ते जन्मलं. मेलं म्हणून ते पुसलं तर रिपोर्ट खोटा होईल.

लक्ष्मम्मा : रातभरच जगलं तरी?

शिवानी : तरी. ...अव्वा? रडतेस कशाला? दोन्ही चांगली धडधाकट आहेत की!

लक्ष्मम्मा : लेकरं किती, असं कुणी इचारलं की म्या एकच सांगत आले, शिवे. तुझ्यामागनं आणखी एक झाली हुती. लई बारकी. उजाडेपतोर बी ऱ्हायली न्हाय.

शिवानी : माझी बहीण? आणि मला कधी बोलली नाहीस?

लक्ष्मम्मा : तुझी आजी म्हणली, तिचा इषय काढू नगंस, हिला दिष्ट लागंल. म्या भ्याले गं. तू बी गेली असतीस तर? तुझे अप्पा तिला मळ्यात ठिवून आले, ते बी कधी बोलले न्हाईत. तुला पाजायला घेतलं की दुसऱ्या अंगाला बी पान्हा फुटायचा. पदर दाबून बसायचे म्या.

शिवानी : एकटीनं कसं सोसलंस गं एवढं? आता मला कसली दृष्ट लागते, घोडी झालेय मी! यापुढं कुणी विचारलं तर दोन झाल्या म्हण. खुशाल म्हण.

लक्ष्मम्मा : म्हणू?

शिवानी : म्हण. नाव काय होतं तिचं?

लक्ष्मम्मा : बारसंच कुठं झालं. नाव ठिवायला आत्या लागती.

शिवानी : आत्या कशाला? थोरली बहीण आहे ना मी. मी ठेवते.

लक्ष्मम्मा : ठिव. पर नाव आदी कानात सांगत्यात बाळाच्या. ...ये हिकडं. माझ्या कानात सांग.