एका ताटात बसायला

मपलं माहेर धारूरकडचं, डोंगराच्या कडेचं, सीताफळाची झाडं घरापेक्षा जास्त, आमी बह्यनी सीताफळं खाऊन खाऊन जेवायचं इसरायचो आन आई मनायची, ह्या पोरींला सासरबी सीताफळाच्या झाडाखालचंच बगा. दिलं मात्र तलवाड्याला, सपाट काळी रानं, औषदाला सीताफळ न्हाई. मालक लग्नाच्या बॅन्डमधी बाजा वाजवायचे, गाल फुगवून, आन मी शिवनकाम करते, अजून करते, तुमच्या मंडळीचं बिलाऊज शिवायचं असलं तर माप आना.

मालक एचआयव्हीनं गेले. कळलं तव्हा लई उशीर झालता. शेवटी उठून बसायचं बळ न्हवतं त्येन्ला, सासू, आत्याबाई मनते मी, त्या मागून काखंत हात घालून बसवायच्या, दुधात भाकर कुस्करून द्यायच्या, आन ते अर्धी ताटातच ठिवायचे. मंग मपली तपासनी झाली, मलाबी निघालं. काडी झालते मी. गल्लीतल्या बायका बिलाऊज टाकंनात, शेजारीन तर शिवायला दिलेलं कापड वापस घिऊन गेली. मला वाटलं आता आत्याबाई माहेरची वाट दाखवतेत. त्येन्नी काय करावं? दुपारच्याला दारातल्या ओट्यावर एकच ताट मांडलं, ज्वारीची भाकर, वर ठेचा आन तेल, आन मनल्या, बस. मी आन त्या, एका ताटात, समद्या गल्लीच्या डोळ्यादेखत. रोज. कोनी बगत थांबलं की मुद्दाम मपला उष्टा तुकडा उचलून तोंडात घालायच्या.

काय सांगू तुमाला, तसली चव पुन्ना कशालाच आली न्हाई. सरकारी गोळ्या चालू झाल्या, वर आत्याबाईंचा शेंगदान्याचा कूट, गूळ, शेळीचं दूध, मी भरले. मी भरले तशी गल्ली गप झाली. आपल्याकडं कसं हाय, वाळलं की रोग, अंग धरलं की रोग गेला. बिलाऊजं वापस आली. आत्याबाई मपला दंड धरून बगायच्या आन हसायच्या, हातात मावंना मनून.

पन वजनाला थांब कोन मननार? बसून काम, वर खानं, गुडघे गेले, साखर लागली, शिवनयंत्राच्या पायडलवर पाय चालंना. आन समद्यात वंगाळ काय, तर खाली बसता यीना. बसलं तर उठवायला दोघी लागायच्या. मंग मी खुर्चीवर, आत्याबाई खाली, ताटं दोन झाली. ओट्यावर जेवायचंच सोडलं त्येन्नी.

गोळ्याच्या दवाखान्यातल्या डाक्टर मॅडम मनल्या, पोट बारीक करायचं आपरेशन असतंय, जठर कापून लहान करतेत. मी मनलं, मपलं कोन करंल, मला हे हाय. त्या मनल्या, कावून न्हाई? गोळ्या चुकवत न्हाईत तुमी, रक्तात विषानू सापडंना झालाय, तुमाला जमंल, पन गोळ्या आन तपासन्या जलमभर सुटायच्या न्हाईत. घरी सांगितलं तर आत्याबाईंचा भाकर थापता थापता हात थांबला. मनल्या, म्या घातलेलं अंग कापून टाकाया निघालीस व्हय गं? त्येंचं भ्याव मला कळत हुतं. एक लेकरू वाळताना बगितलं हुतं त्येन्नी.

पन गेले मी, भाऊ आलता संगं. आपरेशन झालं, आदी नुसती पेज, मंग मऊ भात, चार घासात पोट भरायचं. अंग उतरायला लागलं तशी गल्लीला वाचा फुटली. नळावर शेजारीन मनली, रोग उलटला वाटतं. मी मनलं, बाई, तुजं बिलाऊज उसवायचं का आवळायचं ते सांग, मपलं मी बगते. लोकांचं काय घिऊन बसलात. पन आत्याबाई! त्येन्ला आता दिसत न्हाई धड, हातानंच बगतेत. दंड धरला, तो हातात मावला, तशा उठून आत गेल्या. जेवल्या न्हाईत. दुसऱ्या दिवशीबी नुसता च्या. मनल्या, तू अर्धी ठिवतीस, त्योबी ठिवायचा.

मंग मी ओटा झाडला, एकच ताट मांडलं, त्येन्ला हाताला धरून आनलं आन मी खाली बसले, मांडी घालून, कितीक वर्सांनी. त्या मपल्या बाजूची भाकर चाचपीत राह्यल्या, घास काई घिईनात. मपलं तर झालंच हुतं लगेच. मी मनलं पानी आनते, आन उठले. भिताडाला न्हाई धरलं, कशाला न्हाई धरलं. त्येन्नी मला उठवायला हात पुढं केलता, तो तसाच राह्यला.

“उठलीस? आपली आपन?”

मी मनलं, व्हय आत्याबाई.

“त्यो उठत न्हवता गं.”

आन रडल्या, पोटभर रडल्या, मीबी रडले. मंग पदरानं डोळे पुसले आन मनल्या, पानी आन जा, आन बस परत, मला जेवायचं हाय अजून.

आता रोज बसतो. मपलं लवकर व्हतं, पन त्येंचं होस्तोवर मी उठत न्हाई. चालायचंच, पोट बारीक झालं, भूक हाय तेवढी भागती. भलं व्हावं समद्यांचं. आन तुमी सकाळधरनं नुसतं लिहून घ्यायलात, जेवला कुठं? या, हात धुवा. ताट एकच हाय बगा आमचं.