सासूबाईंनी रोळलेलं सोनं

सोन्याच्या खाणीचं नाव काढू नकोस माझ्यासमोर. पुण्याहून सासूबाई आमच्याकडे इंग्लंडला आल्या, म्हणून नवऱ्याने कॉव्हेंट्रीहून गाडी काढली आणि आम्हाला वेल्समधली रोमन काळातली खाण दाखवायला नेलं. वाटभर इतिहास ऐकवला. सासूबाईंचं मात्र एकच, "कणभर तरी सोनं हवं. विहीणबाईंना दाखवायचंय." विहीणबाई म्हणजे माझी आई!

खाण बघून झाल्यावर गाइड बाईने प्रत्येकाला पसरट थाळीत वाळू दिली. ओढ्याच्या पाण्यात थाळी गोल फिरवायची. हलकी वाळू निघून जाते, जड सोनं तळाशी राहतं.

"अगं, हे तर खडे काढायला तांदूळ रोळणं!" म्हणत सासूबाईंनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या. काय तो हात! गाइड बघतच राहिली. "शी इज अ नॅचरल," मला म्हणाली. बघता बघता सगळी वाळू आमच्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात उतरली आणि थाळीच्या तळाशी दोन पिवळे कण चमकले. गाइड टाळ्या वाजवणार, तेवढ्यात सासूबाईंनी सवयीने थाळी ओढ्यात झटकली आणि डबाभर स्वच्छ वाळू तिच्यापुढे धरली.

"आई, अगं ते सोनं होतं!" नवरा ओरडला.

सासूबाई त्याच्यावरच डाफरल्या, "चाळीस वर्षं तळाशी उरलेलं फेकतेय मी. तुझ्या दाताखाली कधी आला का एक तरी खडा?"