गिरणीतलं मुकं मशीन

सुमनबाई, साहेब, नामदेवभाऊ, गावच्या मायबहिणींनो, अन् माह्या पोरांनो,

तुम्ही सारे जमले, बरं झालं. मी करीम गिरणीवाला. मले धान भरडता येते, भाषण येत नाई. हिवतापानं सुमनबाईच्या धन्याले, आपल्या वामन गुरुजीले नेलं. याच गोदामात ते पोरांले शिकवत उभे राहत होते. मले अजून खरं वाटत नाई.

साहेब, तुम्ही शिक्षण खात्याचं सिनेमाचं मशीन परत न्यायले आले. जीप बाहेर उभी हाय. तुम्ही म्हणता, मशीन मुकं हाय, अन् चालवणारा बी गेला. मुकं हाय, कबूल. पण काऊन मुकं हाय, ते ऐकून जा.

त्याचा आवाजाचा भोंगा जळला, तवा मी म्हणलं, "गुरुजी, चांद्याहून मिस्त्री आणतो." गुरुजी हासले. म्हणाले, "राहू द्या करीमभाई. मशीन बोललं की पोरं गप्प बसतात."

मंग दुपारी माह्या गिरणीचं इंजिन धान सोडून डायनामो फिरवू लागलं. गोदामाचं दार लावायचं. पडद्यावर चित्र चालायचं, अन् चित्रातल्या माणसाचं बोलणं पोरांनी बोलायचं. आधी आपल्या बोलीत. मंग पाटीवर लिहायचं. मंग मोठ्यानं वाचायचं. अडलं, तं रीळ पुन्हा पहिल्यापासून. जे पोट्टे शाळा चुकवून आंबे पाडत होते, ते पाटीसाठी भांडू लागले, साहेब! माह्यं गिऱ्हाईक बोंबलत बसे. बसो.

सखू तं दाराआडच उभी राहे. नामदेवभाऊची पोरगी. गुरुजींनी तुमच्याच खात्याचा कॅमेरा मागून आणला, तवा ती पहिल्यांदा बोलली, "गुरुजी, आमचा तलाव दाखवा ना." गुरुजी म्हणाले, "दाखवू. पण आधी सांग, मग लिही, मग कॅमेरा." तिनं सांगितलं. तिनं लिहिलं. बाप, माय, जाळं, मासोळी, सारं.

ते रीळ मुंबईहून धुऊन काल आलं. गुरुजी गेल्यावर आलं. कोणीच पाहिलं नाई.

अन् आता गावात वाद. नामदेवभाऊ, तुम्ही म्हणता, "तेरवी झाल्याबिगर मेलेल्या माणसाले हलताना पाहू नाई. अन् माह्यी पोरगी मेलेल्याच्या तोंडचं बोलणार नाई." कारण त्या रिळात गुरुजी हाय, अन् त्यांचं बोलणं सखूनंच लिहिलं. तुमची भीती मले समजते. पण तेरवीपर्यंत जीप थांबन का? आज मशीन गेलं, तं हे रीळ डब्ब्यातच राह्यलं समजा. सकाळी मी सुमनबाईले विचारलं. त्या म्हणाल्या, "लावा. मले ते हासताना पाहायचे हाय."

नामदेवभाऊ, इकडं पाहा. तलावाचं चित्र घेतलं त्या दिवशी मी काठावर होतो, कॅमेरा पोरांजवळ होता. जाळ्याचं एक टोक तुमच्या हातात, एक गुरुजीच्या. गुरुजीचा पाय घसरला. धोतरासकट पाण्यात! पोरं हासू लागली, तुम्ही जाळं सोडून त्याह्यले धरायले धावले. तवा गुरुजी काय ओरडले? "माझ्याकडं काय पाहता? जाळं धरा!"

तेच सखूनं लिहिलं. हे मेलेल्याचं बोलणं हाय का, भाऊ? सांगा ना. तुमच्यासंगं गळ्याइतक्या पाण्यात हासणाऱ्या माणसाचं बोलणं हाय हे.

उठले तुम्ही? जाऊ नका, भाऊ. नामदेवभाऊ, मी हात जोडतो...

नाई. इकडं येऊन राह्यले. वाट द्या त्याह्यले. या, भाऊ. इथी, पडद्याजवळ, पोरीच्या बाजूले उभे राहा.

साहेब, तुम्ही बी बसा. चित्र संपेपर्यंत. मंग मशीन न्यायचं का ठेवायचं, तुम्हीच सांगा.

मी इंजिन सुरू करतो. त्याचा आवाज होईन, त्याले इलाज नाई. बाकी कोणी बोलू नका, रडू बी नका. सखूचा आवाज बारीक हाय, तो शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे. आज आपण गप्प राहून गुरुजीले एवढंच देऊ.

गुरुजी, करीमचा सलाम.

दार लावा रे. सखू, बोल बाई.