कळ नसलेला खटका

हरणांचा हंगाम शनिवारी उघडणार होता. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावच्या धनुष्यांच्या दुकानात ही रांग! माझ्यापुढे ऑर्विल म्हातारा आणि त्याची लेक ट्रूडी.

"बाबा, धनुष्याची दोरी सोडायला मनगटावरचा खटका आहे की तुमच्याकडे. नवा कशाला?"

"त्याला कळ आहे. नेम धरला रे धरला की बोट घाबरून कळ दाबतं. माझं ऐकतच नाही."

"होतं कधी कधी. सगळ्यांचंच होतं."

"गेल्या वर्षी हरणीच्या पोटात बाण गेला तो असाच. दोन दिवस शोधली, सापडली नाही. सगळ्यांचं मला सांगू नकोस."

"पण या नव्याला कळच नाही. बाण सुटणार कसा?"

"दोरी ओढून धरायची नि पाठ आवळत जायची, ताण पुरेसा झाला की खटका आपोआप सुटतो. कधी सुटेल ते मलाच कळत नाही, मग बोट घाबरणार कशाला?"

"शिकायला महिने जातील!"

"जाऊ देत. अंगणात पेंढ्याच्या गठ्ठ्यावर मारत बसेन. हात बसल्याशिवाय रानात पाऊल टाकणार नाही."

"आणि हंगाम संपला तर?"

"पुढल्या वर्षी जाईन."

"बाबा, एक्क्याऐंशी वर्षांचे आहात तुम्ही."

"म्हणून तर आजच घेतोय. सरक पुढे, आपला नंबर आला."