मूळ इथलं, डोळा काटोलचा

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय भैय्याजी ठवकर, दुर्गहून आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे ओमप्रकाशजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सत्कारमूर्ती प्रेमलाताई रंगारी, रिसालीच्या आपल्या मराठी मंडळाचे पदाधिकारी, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो! मागे गरम समोशांच्या वासाने चुळबुळ करणाऱ्या मंडळींनाही माझा नमस्कार.

मी गुलाब नेवारे. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपमधून निवृत्त झालो. लेथच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय आहे, म्हणून माईक जरा लांब धरतो. ताईंनी जन्मभर सरकारी प्रयोगशाळेत माती तपासली, त्या कामाबद्दल साहेब मंडळी बोललीच. मी बोलणार आहे एका झाडाबद्दल. त्यात आमच्या घरच्या मंडळींचं नाव येईल. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, नाव घेतलं की डोळे वटारतील, तरी घेतो. गयाबाई. बघा, वटारले.

निवृत्तीनंतर सेक्टरमधलं क्वार्टर सुटलं आणि आम्ही अहिवाऱ्याच्या वाटेवर घर बांधलं. पूर्वीचं ते चराऊ रान. बोरी, सीताफळी आणि चरायला आलेली गुरं. गयाबाईंना ते घर पहिल्या दिवसापासून परकं वाटलं. म्हणायच्या, "क्वार्टर होतं तवा ठीक होतं, नोकरीपायी राहिलो. आता इथं काहून राहाचं? मले काटोलले घेऊन चाला." पण माहेरी, काटोलला तरी काय उरलं होतं? वडील गेले, भावांनी संत्र्याची बाग मोडून प्लॉट पाडले. बाग मोडायच्या आधी गयाबाईंनी तिथलं एक कलम आगगाडीत मांडीवर घेऊन आणलं आणि अंगणात लावलं. मला बजावलं, "हे जगलं तं मी राहीन. नाही जगलं तं मले अडवू नोका." आता तुम्हीच सांगा, त्या झाडाला मी किती जपलं असेल?

दुसऱ्या वर्षी झाड पिवळं पडायला लागलं. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान हळदीसारखं. नर्सरीवाला म्हणाला, "चाचाजी, लोहे की कमी है." मंडळी, भिलाईत राहून लोखंडाची कमी! मला तर तो आपल्या सगळ्यांचा अपमान वाटला. जुन्या दोस्तांना फोन केले. प्रफुलने पोतंभर बुरादा, म्हणजे लोखंडाचा कीस आणला, कमलेशने गंजलेले बोल्ट. हसू नका, दोघेही इथंच बसले आहेत. सगळं आळ्यात ओतलं. झाडाच्या बुडाशी चुंबक धरलं असतं तर झाडच उपटून आलं असतं. आणि झाड? ते आणखी फिकं पडलं. गयाबाईंनी पेटी आवरायला घेतली.

अशात प्रेमलाताई शेजारी बारशाला आल्या होत्या. रस्त्यावरूनच त्यांना झाड दिसलं आणि त्या सरळ फाटक उघडून आत शिरल्या. बायकांच्या पर्समध्ये काय काय असतं हे आपण जाणतो, पण ॲसिडची कुपी मी पहिल्यांदाच पाहिली. एक ढेकूळ घेतलं, त्यावर थेंब टाकला. माती फसफसली. गयाबाई म्हणाल्या, "अवं माय, माती उकळून राहिली!"

"उकळत नाही वहिनी, चुना बोलून राहिला," ताई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडून खड्डा खणवला. वर राखेच्या रंगाची माती, बोटांत सहज चुरणारी. हातभर खाली पांढरे खडे, जणू कुणी खडीसाखर सांडली. ताई म्हणाल्या, "गुलाबभाऊ, माती वाईट नाही. पोयट्याची आहे, भुसभुशीत आहे, पाणी मुरतं, मूळ चालतं. फक्त चुना फार. लोखंड हिच्यात आधीच भरपूर आहे, पण चुना ते मुळाले घेऊच देत नाही. तुम्ही ट्रकभर लोखंड टाका, झाड उपाशीच राहणार."

खरं सांगू? त्या दिवशी मला झाडापेक्षा घरचं माणूस जास्त समजलं. गयाबाईंना करमावं म्हणून मी घरात कूलर आणला, टाइल्स बसवल्या, मोठा टीव्ही आणला. म्हणजे तिथंही मी बोल्टच टाकत होतो.

"वाचेल का?" मी विचारलं. ताई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "याचा खुंट, म्हणजे खालचा मुळाचा भाग, या मातीत टिकायचा नाही. पण रंगपूर लिंबाचं रोप इथंच वाढवू, त्याले चुन्याचा त्रास कमी. ते तयार झालं की डोळा भरायचा." मी पटकन बोलून गेलो, "ताई, हिचे तर रोजच भरून असतेत, आता आणखी काय भरायचे?" आणि त्या घरात गयाबाई पहिल्यांदा खळखळून हसल्या. "अहो, झाडाचा डोळा! फांदीचा कोंब काढून दुसऱ्या रोपात बसवतेत. बाबा भरत होते."

हसता हसता थांबल्या. "पण ताई, मंग ते झाड इथलं होईन. माह्या बाबाचं कसं राहीन?"

"वहिनी, मूळ इथलं अन् डोळा तुमच्या बाबांचा. संत्रं कोणाचं येते? डोळ्याचंच नं?"

गयाबाई घराकडे वळल्या. आत जाऊन चहा टाकला. पण पेटी पुन्हा पलंगाखाली गेली. लिंबाचं रोप त्यांनी लेकरासारखं वाढवलं आणि जुन्या झाडाचा डोळाही त्यात स्वतःच भरला, वडिलांना बघून शिकल्या होत्या तसा. ताई नुसत्या शेजारी बसून राहिल्या. त्या उन्हाळ्यात जुनं झाड वाळलं. ते तोडताना माझा हात चालेना. आणि तेवढ्यात बाईंनी अशी हाक मारली की शेजारचे धावत आले. डोळ्याला हिरवा कोंब फुटला होता. ताई भर उन्हात दुर्गहून स्कूटरवर आल्या. दोघी त्या कोंबासमोर रडत बसल्या आणि मी त्यांच्यावर छत्री धरून उभा.

मंडळी, आपल्या घरांत "गाव" म्हणजे कोणतं? आपण इथं म्हातारे झालो, आपली पोरं इथं जन्मली, तरी "गावाले चाललो" म्हटलं की गाडी नागपूरच्याच दिशेने सुटते. भिलाईला कुणी गाव म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. मागल्या आठवड्यात काटोलहून मेव्हण्यांचा फोन आला. "बाई, गावाले कवा येतं?" मी पेपर वाचत होतो, तो तसाच हातात राहिला. गयाबाई म्हणाल्या, "मी गावालेच आहो. तूच ये. अन् थैला घेऊन ये, संत्री लागली."

ताई, उद्या तुम्ही लेकीकडे नाशिकला निघालात. तुमच्याशिवाय आम्हाला करमणार नाही, हे सरळच सांगतो. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलं, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर आपला माणूस म्हणून पोटात घाला. शाल-श्रीफळ माझ्या हातून द्यायचं ठरलं होतं, पण अध्यक्ष महाराज, परवानगी असावी. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी उठून इकडेच येत आहे.