भीती घालायचे काका

...नाही, तुम्हीच सांगा, माझ्या चेहऱ्यात घाबरण्यासारखं आहे काय? मिशी आहे, कबूल; भुवया जरा दाट आहेत, तेही कबूल; पण घाबरवणं हे क्रियापद आहे हो, त्यात काहीतरी करावं लागतं! डोळे वटारा, ओरडा, निदान अंगावर तरी धावून जा... मी कुणाला घाबरवलंय? जन्मभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर अलगद फ्रेमा ठेवल्या मी!

पण वरच्या मजल्यावरची ती बाई आणि तिचे ते चिरंजीव! रोज सकाळी जिन्यातून ऐकू येतं, "पितोस दूध, की बोलावू खालच्या काकांना?" एकदा तणतणत वर गेलो, तर म्हणते कशी, "अय्या, काका! बरं झालं आलात, आज ऐकतच नाहीये, थांबा ना जरा!" मी आपला सभ्यपणे हसलो. हसलो हो! पोरानं एका दमात ग्लास रिकामा केला आणि आईच्या मागे दडलं. आता मी कुणाला घाबरवलंय?

तेही सोडून दिलं असतं. पण गेल्या आठवड्यात माझी नात पहिल्यांदाच राहायला आली. तिला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायची, एवढीच हो माझी हौस! आणि त्या कार्ट्यानं तिला जिन्यातच गाठून सांगितलं, "तुझ्या आजीकडे ते भीती घालायचे काका राहतात!" झालं! मी खोलीत आलो की नात आजीच्या पाठीमागे. बायको म्हणते, "तुम्ही जरा बाहेर फिरून या, म्हणजे पोरगी जेवेल तरी." माझ्याच घरातून मी बाहेर!

मग परवा आली आपणहून, लांबूनच म्हणाली, "आजोबा, त्यानं माझा चेंडू घेतलाय. त्याला घाबरवा ना!"

घ्या! नाही कसं म्हणणार? गेलो वर, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा डोळे वटारले, मिशी फेंदारली आणि अशी काही डरकाळी फोडली, की मलाच ठसका लागला... पोरगं बघतच राहिलं, आणि खो खो हसत सुटलं! "काका, परत करा ना!" नात तर हसून हसून जमिनीवर लोळली. त्याच्या आईनं डोक्याला हात लावला, "काय केलंत हे, काका! आता याला दूध कोण पाजणार?"

तेव्हापासून नात माझ्या मांडीवर ठाण मांडून आहे. दोन्ही पायांना मुंग्या आल्यात, पण उतर म्हटलं आणि रुसून आजीकडे गेली तर? बसतो आपला गप्प... घाबरतो मी तिला, काय करणार!